दुलईबाई बाहेर बसल्या

दुलईबाईंना हे नाव पडलं ते एका सासऱ्यांच्या कानांमुळे. म्हातारबुवा ऐकायला कमी आणि चौकशीला पुढे. सून बाळंतपणासाठी इस्पितळात दाखल झालेली, आणि तिच्यापाशी सकाळपासून ठाण मांडून बसलेली ही पन्नाशीची बाई कोण, हे काही त्यांना कळेना. सुनेने सांगितलं, "बाबा, या डूला आहेत." "कोण?" "डूला, डूला!" म्हातारबुवांनी समजल्यासारखी मान डोलावली आणि मग दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले, "आमच्या सुनेसाठी दुलई ठेवलीय. फार चांगली बाई." वॉर्डात खसखस पिकली. नाव चिकटलं ते चिकटलंच.

बाईंनाही ते मनापासून आवडलं. डूला म्हणजे काय, हे त्यांना दर घरी पहिल्यापासून समजावून सांगावं लागे. दाई नाही, नर्स नाही, सुई देत नाही, तपासत नाही, बाळ झेलत नाही. मग करता तरी काय? "बसते," त्या सांगत. समोरचा माणूस थट्टा समजून हसायचा. पण ते अगदी खरं होतं. पहिल्या कळेपासून बाळ छातीशी लागेपर्यंत त्या बाईपाशी बसत. पाठ चोळत, पाणी पाजत, चालायला लावत, आणि गरज नसेल तेव्हा गप्प राहत. दुलई म्हटलं की निदान एवढं पुराण लावावं लागत नसे.

त्याआधीची सोळा वर्षं त्यांनी त्याच इस्पितळाच्या लॉन्ड्रीत काढली होती. नवरा ध्यानीमनी नसताना गेला, पदरात चार वर्षांची मुलगी, मिळालं ते काम धरलं. तळघरात वाफेने भरलेली खोली, माणसाहून उंच धुलाईयंत्रं, आणि चादरींच्या न संपणाऱ्या घड्या. सकाळी साडेसातला घड्यांची गाडी ढकलत एकेका वॉर्डात जायचं, धुतलेलं ठेवायचं, मळलेलं उचलायचं. प्रसूतीच्या खोलीत त्या सगळ्यांत शेवटी जात, कारण तिथलं गाठोडं सगळ्यांत जड असे.

एका सकाळी तिथल्या कपाटात चादरी रचत असताना पलंगावरच्या पोरीने त्यांचं मनगट पकडलं. विशीतली असेल. सोबत कुणी नाही, नर्स पलीकडच्या खोलीत अडकलेली. "जाऊ नका," एवढंच ती म्हणाली. बाईंनी मोकळा हात तिच्या पाठीवर ठेवला आणि तिच्या श्वासाबरोबर वरून खाली, वरून खाली फिरवत राहिल्या. गाडी दारात तशीच उभी. चाळीस मिनिटांनी खाली परतल्या तर मुकादमाने त्यांची चांगलीच खरडपट्टी काढली.

दुसऱ्या दिवशी तीच नर्स जिना उतरून लॉन्ड्रीत आली. तेव्हा ती नवी होती, आज सगळं इस्पितळ तिला मोठ्या सिस्टर म्हणतं.

"काल तुम्ही त्या पोरीला काय केलंत?" तिने विचारलं.

बाई घाबरल्या. "काही नाही केलं हो."

"तेच आज पुन्हा कराल का? आणखी एक आलीय, सकाळपासून ओरडतेय."

असं ते सुरू झालं. पाळी संपली की बाई वर जायच्या आणि कुणी एकटी असेल तिच्यापाशी बसायच्या. या कामाला नाव आहे, त्याचं शिक्षण मिळतं, हे त्यांना कळलं तेव्हा त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. मोठ्या सिस्टरनीच वर्गाचा कागद हातात ठेवला. लॉन्ड्री सोडताना मुकादमाने हात जोडले. "चला, आता तरी माझ्या गाड्या वेळेवर पोचतील," म्हणाला.

शिकून आल्यावर पहिली दोन वर्षं त्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. नैसर्गिक बाळंतपण, नैसर्गिक बाळंतपण. दुसरा विषय नाही. श्वास कसा सोडायचा, ओणवं कधी व्हायचं, कोमट पाण्यात किती वेळ बसायचं, सगळं त्या घोटून घेत. त्यांच्याकडे तेव्हा एक गणिताची शिक्षिका यायची. सांगितलेलं सगळं करणारी, वहीत लिहून घेणारी. तिचं बाळ एकोणीस तासांनी अडकलं आणि सिझर करावं लागलं. आई सुखरूप, बाळ सुखरूप. बाई तिसऱ्या दिवशी भेटायला गेल्या तेव्हा तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"बाई, तुम्ही एवढं शिकवलंत," ती म्हणाली, "आणि मी नापास झाले."

दुलईबाईंनी तिच्या अंगावरची चादर सारखी केली. घरी आल्यावर मात्र ते वाक्य पाठ सोडीना. बाळंतपण म्हणजे परीक्षा, असं या पोरीला कुणी सांगितलं? दुसरं कोण सांगणार, मीच.

त्यानंतर त्यांचा विश्वास गेला नाही, पण बोलणं बदललं. बाईच्या शरीराला पुष्कळ कळतं, तिला घाई केली नाही, घाबरवलं नाही, एकटं टाकलं नाही तर ते आपलं काम बहुतेक वेळा नीट करतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण बहुतेक वेळा म्हणजे दर वेळी नव्हे. आता त्या पहिल्याच भेटीत सांगत, "खालून होवो की सिझर होवो, दुखणं कमी करायची सुई घे की नको घेऊस, बाळ तुझ्याच पोटातून येणार आहे. मी बाळ कुठल्या वाटेने येतं ते बघायला येत नाही. तुझ्यापाशी बसायला येते."

त्यांच्या हाताखाली जी एक बाई तयार झाली, ती बारा वर्षं बसमध्ये कंडक्टर होती. आवाज असा की दोन मजले खाली ऐकू जावा. तिच्या दुसऱ्या बाळंतपणाला दुलईबाई होत्या. चाळीस दिवस पुरते झाले नसतील तोच बाळ काखेत घेऊन ही त्यांच्या दारात. "मला हे शिकवा." बाईंना वाटलं, हिच्या ओरडण्याने बाळं उलटी आत जातील. पण प्रसूतीच्या खोलीत शिरली की कंडक्टरचा आवाज आपोआप खाली यायचा, आणि गंमत तेवढी राहायची. कळ ओसरली की ती म्हणे, "गेला हा स्टॉप. पुढचा लांब आहे, टेका जरा." बायका कळांच्या मधल्या वेळात खुदकन हसायच्या. हसली की बाई सैल पडते, आणि सैल पडली की निम्मं काम होतं. हे कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. दुलईबाईंनी ते तिच्याकडून शिकून घेतलं.

मग लेकीला दिवस गेले. ती पाणीखात्यात नळांचे नकाशे काढायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, मोजकं बोलणारा. बातमी कळली त्याच दिवशी दुलईबाईंनी आपल्या वहीत तो सबंध महिना आडवी रेघ मारून मोकळा ठेवला. विचारण्यासारखं त्यात काय होतं? शंभर जणींच्या पाठी चोळल्या, आता पोटच्या पोरीची पाळी.

सातव्या महिन्यात एका दुपारी माय-लेकी वाळलेले कपडे काढत होत्या. लेक म्हणाली, "आई, एक बोलायचंय. रागावणार नाहीस ना?"

"म्हणजे रागावण्यासारखंच आहे."

"मी कंडक्टरताईंना विचारलंय. त्या दिवशी माझ्यापाशी थांबायला."

बाईंच्या हातातला चिमटा दोरीवरच राहिला. "आणि मी?"

"तू आई."

"अगं पण मी असताना..."

"ऐक ना. दुसऱ्या बायांकडे तू बघतेस तेव्हा त्यांना धीर येतो. मला लहानपणी ताप आला की थर्मामीटर हातात घेऊन तू जे तोंड करायचीस ना, ते आठवलं की मला अजून ताप चढतो." लेक हसली, पण आई हसली नाही, तेव्हा तीही गंभीर झाली. "तू घाबरशील, आई. मग कळा सोडून मी तुझीच समजूत काढत बसेन. मला त्या दिवशी कुणाचीच समजूत काढायची नाहीये."

बाई "बरं" म्हणाल्या, कपड्यांच्या घड्या नेहमीपेक्षा कडक घातल्या आणि घरी गेल्या. आठवडाभर फुगून होत्या. शेवटी मोठ्या सिस्टरना फोन केला. सिस्टर ऐकून मनसोक्त हसल्या.

"दुलई, दर वेळी पॅसेजमधल्या आत्या-मावश्यांना तूच ना दटावतेस? तिला कोण जवळ हवं ते तिला ठरवू द्या म्हणून?"

"ते नातेवाईक असतात गं."

"मग तू कोण आहेस?"

बाईंनी फोन ठेवला.

एका मंगळवारी सकाळी साडेआठला जावयाचा फोन आला. "आई, सुरू झालंय. कंडक्टरताई आल्यात. अकराच्या सुमारास निघू म्हणतात." दुलईबाई दहालाच इस्पितळात हजर. प्रसूतीच्या खोलीबाहेर भिंतीला लागून चार जोडखुर्च्या होत्या. इतक्या वर्षांत त्या खुर्च्यांवर बसायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. बसल्यावर कळलं की त्या भयंकर गैरसोयीच्या आहेत.

लेक आली ती स्वतःच्या पायांनी, सावकाश. मध्येच कळ आली तशी भिंतीला दोन्ही हात लावून वाकली, कमरेतून डोलत राहिली. कंडक्टर मागे उभी, एक शब्द नाही. कळ ओसरल्यावर लेकीने आईकडे पाहिलं. "काही खाल्लंस का तू?" तिने विचारलं. बाईंनी न खाताच मान डोलावली. दार बंद झालं.

आत काय काय आहे ते बाईंना डोळे मिटून सांगता आलं असतं. खिडकीपाशी मोठा रबरी चेंडू, कोपऱ्यात ठेंगणं स्टूल, पलंगाची वर-खाली होणारी पाठ. आवाजावरून बाई कुठवर आली आहे तेही त्यांना कळायचं. बारा वाजता लेकीचा आवाज वर वर जात होता, गळ्यातून. दोन वाजता तो पोटातून यायला लागला, खोल, लांब. छान, बाई मनात म्हणाल्या. मग लक्षात आलं की आपले दात घट्ट आवळलेले आहेत आणि श्वास छातीतच अडकलाय. दुसऱ्यांना शिकवणारी ही बाई!

तीनच्या सुमाराला त्या आवाजात वेगळंच काही मिसळलं. कळ गेली तरी कण्हणं थांबेना. बाईंनी ओळखलं. बाळ उताणं आहे, पाठीला पाठ लागलीय, सगळी कळ कमरेत जातेय. हिला गुडघ्यांवर घ्यायला हवं, दोन्ही बाजूंनी कंबर दाबून धरायला हवी. बाई उठल्या. हात दाराच्या मुठीपर्यंत गेलासुद्धा. तेवढ्यात आतून कंडक्टरचा आवाज आला, शांत. "कमरेतच येतेय ना? बाळ जरा उताणं दिसतंय. हळूच गुडघ्यांवर येऊ या. मी दोन्हीकडून धरते. सांगा, आणखी जोरात दाबू?"

"जोरात," लेक म्हणाली.

दुलईबाईंनी हात मागे घेतला. डोळे भरून आले. कौतुकाने की हेव्याने, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना.

अर्ध्या तासाने दार उघडलं आणि जावई बाहेर आला. चेहरा पिठासारखा. खुर्च्या रिकाम्या असताना तो समोरच्या भिंतीला पाठ घासत खाली फरशीवर बसला.

"काय झालं?" बाईंचा आवाज चिरकला.

"बाळाचे ठोके मध्येच कमी झाले होते. तिला कुशीवर वळवलं, मग परत आले. डॉक्टर म्हणाल्या, ठीक आहे, लक्ष ठेवू." तो थांबला. "मला आत जाववत नाही, आई."

किती कमी झाले, किती वेळ, आता किती आहेत? प्रश्नांची रांग बाईंच्या जिभेवर आली होती. पण त्यांची नजर त्याच्या हातांकडे गेली. बारा मजल्यांच्या पोकळीत लोंबकळून लोखंडी दोर घट्ट करणारे ते हात शर्टाचं एकच बटण लावत-काढत होते. बाईंनी प्रश्न गिळले. गुडघे कटकट वाजवत त्या त्याच्या शेजारी फरशीवर बसल्या.

सगळं ठीक होईल, असं त्यांनी त्याला सांगितलं नाही. ते त्या कुणालाच सांगत नसत. आपल्या हातात नाही त्याचा शब्द कसा द्यायचा?

"कुठे होतंय?" त्यांनी विचारलं.

त्याने छातीच्या मधोमध बोट ठेवलं. बाईंनी त्याच्या पाठीवर, बरोबर त्या जागेच्या मागे, तळवा टेकवला. आतून लेकीचा हुंकार आला, गेला. आणखी एक आला, गेला.

"मी सहा वर्षांचा होतो," तो फरशीकडे बघत म्हणाला. "असाच पॅसेज होता. मला बहीण होणार होती. बहीणच, असं मीच ठरवलं होतं. बाबांनी मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, इथून हलायचं नाही. मी नाही हललो. संध्याकाळपर्यंत नाही. लघवीलासुद्धा उठलो नाही, तिथेच... मग मामा येऊन मला घरी घेऊन गेले. आई आलीच नाही. बाळही नाही."

बाईंचा तळवा तसाच राहिला.

"तिला ठाऊक आहे?"

"आई मी लहान असताना गेली, एवढंच ठाऊक आहे. नऊ महिने रोज वाटायचं, सांगावं. पण पोटुशी बाईला असलं कुणी सांगतं का?"

मग बाई म्हणाल्या, "सहा वर्षांच्या पोराला हलू नको म्हणून सांगितलं, तो हलला नाही. त्याने काही चुकवलं नाही. तो हलला असता, नसता, जे झालं ते तसंच झालं असतं."

त्याने कोपराच्या खळग्यात तोंड लपवलं. रडला, अजिबात आवाज न करता. सहा वर्षांचा असताना तिथे बसून असाच रडला असेल, असं बाईंना वाटलं, आणि त्यांच्या हाताचा भार थोडा वाढला.

"आज तुम्हाला कुणी बसवून ठेवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आत जावंसं वाटलं तर जा. नाही वाटलं तर मी इथेच आहे. तिच्यापाशी डॉक्टर, सिस्टर, कंडक्टर अशा तिघीजणी आहेत, ती एकटी नाहीये."

"तुम्हाला काय वाटतं, आई?"

"मला विचाराल तर आत्ता दार फोडून आत घुसावंसं वाटतंय. पण मला बोलावलेलं नाही."

ओल्या डोळ्यांनी तो एकदम हसला. मग बाहीने तोंड पुसत त्याने अगदी कामाचा प्रश्न विचारला, लिफ्टचा पट्टा कुठून आवळायचा अशा सुरात. "आत गेलो तर उभं कुठे राहायचं?"

"तिच्या डोक्याशी. कपाळ टेकायला खांदा द्यायचा. बोलायची गरज नाही. भीती वाटली तर वाटतेय म्हणून सांगा. लपवलीत तर ती तिला तुमच्या आधी कळेल."

त्याने नळावर तोंड धुतलं, दार ढकललं आणि आत गेला. बाई फरशीवरच राहिल्या. उठायला जमेल असं वाटतही नव्हतं.

पाचला दहा कमी असताना आतला आवाज बदलला. मग एकदम काहीच ऐकू येईना. आणि मग रडणं, बारीक, चिडलेलं, थांबून थांबून. मोठ्या सिस्टर दारात आल्या. "मुलगी झाली. अगं, तू खाली काय बसलीस? उठ."

सुई घेतली का, टाके पडले का, किती वेळ लागला, बाळाचं वजन किती? एरवी वहीत टिपायच्या त्यातलं काही म्हणजे काही बाईंना विचारायचं सुचलं नाही. "ती कशी आहे?" एवढंच तोंडातून निघालं.

"जा आणि बघ."

लेक अर्धवट बसलेली, बाळ तिच्या छातीवर, एका चादरीत दोघी. जावयाच्या शर्टाचा एक खांदा ओलाचिंब होता आणि तो तसाच वाकून उभा होता, कुणी सरळ हो म्हणेपर्यंत बहुतेक तसाच राहिला असता. कंडक्टर ठेंगण्या स्टुलावर बसली होती. तिचा तो दोन मजल्यांचा आवाज पार बसला होता. "बाई, पोर तुमची भारी चिवट," ती कशीबशी पुटपुटली. दुलईबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आई, ये ना," लेक म्हणाली.

बाई गेल्या. बाळाकडे त्यांची नजर नंतर गेली. आधी त्यांनी लेकीच्या कपाळाला चिकटलेले केस बाजूला केले. आणि मग, पॅसेजमधल्या झाडून साऱ्या आत्या-मावश्यांना जे विचारायची त्यांनी इतकी वर्षं बंदी केली होती, नेमकं तेच त्या विचारून बसल्या.

"खूप दुखलं का गं?"

"हो," लेक म्हणाली. "खूप दुखलं, आई." आणि सकाळपासून एक थेंब न काढलेली ती पोर आईच्या पोटात तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागली. दुलईबाई तिला थोपटत राहिल्या. त्या क्षणी त्यांना त्यांचं एकही शास्त्र आठवत नव्हतं.

पंधरा दिवस त्या लेकीकडे राहिल्या. स्वयंपाक, दुपटी, चादरी. बाळ दूध नीट ओढेना तेव्हा लेकीने स्वतःच हाक मारली, "आई, आता मात्र दुलई होऊन ये." बाईंनी तिच्या पाठीमागे दोन उश्या सरकवल्या, बाळाची हनुवटी जरा वर केली. काम झालं.

पॅसेजमधलं बोलणं त्यांनी लेकीला सांगितलं नाही. ते त्याचं होतं. सहाव्या दिवशी सकाळी बाळाची अंघोळ उरकून दोघं नवरा-बायको खोलीत त्याला पुसत होते. बाई स्वयंपाकघरात होत्या. दार उघडं होतं.

"तुला एक सांगायचंय," जावयाचा आवाज आला. "मी सहा वर्षांचा होतो तेव्हा..."

दुलईबाईंनी नळ पुरता सोडला, आणि घासून ठेवलेली भांडी एकेक करून पुन्हा घासायला घेतली.